गोटी, छर्रे आणि खोपोलीचे पाइप : नववीला ऊर्जा अक्षय्यता शिकवताना

नववीचा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा बहुतेक वर्गांत एकाच वळणाने जातो. फळ्यावर वरून पडणारी वस्तू काढायची. वर, मधे आणि जमिनीलगत असे तीन बिंदू घ्यायचे आणि तिन्ही ठिकाणी स्थितिज (उंचीमुळे असलेली) अधिक गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जेची बेरीज एमजीएचच (वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची) येते हे दाखवायचं. सिद्धता संपली की ‘ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते’ या नियमाभोवती चौकट. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, “मॅडम, ऊर्जा नष्ट होत नाही तर चेंडू थांबतो कशाला?” आणि नेमकी तेव्हाच घंटा होते.

माझ्या मते धडा या प्रश्नापासूनच सुरू करावा. ‘घर्षण नाही असे मानू’ हे वाक्य पहिल्या दोन तासिकांत तोंडातून काढूच नका. घर्षण नसलेलं जग मुलांनी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिथे लागू पडणारा नियम त्यांना परीक्षेपुरता वाटतो. त्यापेक्षा त्यांना दुकानदाराच्या जमाखर्चाच्या वहीसारखा खराखुरा हिशेब मांडू द्या. त्यात तूट येईलच. ती कुठे गेली हे शोधताना नियम आपोआप समजतो.

मी खोपोलीत शिकवते. वर्गात साठाच्या आसपास मुलं, प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं. खाली लिहिलेलं सगळं तेवढ्यात बसतं. तीन साध्या तासिका आणि एक जोडतासिका लागते.

सुरुवातीला ज्यूल हे ऊर्जेचं एककही नको. एमजीएच आणि अर्धा एमव्ही वर्ग (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं) ही सूत्रं मुलांना येत असतात, पण हिशेब ज्यूलमध्ये केला की ०.०१०६ असले आकडे येतात आणि मुलं दशांशचिन्हातच अडकतात. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही ऊर्जा ‘उंचीच्या सेंटिमीटर’मध्ये मोजतो. एखाद्या वेगाची वस्तू सरळ वर फेकली तर ती जितकी वर जाईल, तितके सेंटिमीटर ऊर्जा तिच्याजवळ आहे, एवढंच. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. फळ्याच्या कोपऱ्यात मी चार जोड्या लिहून ठेवते: ५ सेंमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ मीटर वेग, २० सेंमी म्हणजे २, ४५ म्हणजे ३, ८० म्हणजे ४. उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो, हे न सांगता मुलांना दिसतं. कुणाला दिसलं नाही तर आठवडाभर तसंच राहू द्या, कुणीतरी बोलतंच.

लंबक : तूट जवळजवळ नसलेला हिशेब

पंख्याचा रिकामा हूक असेल तर त्याला नायलॉनच्या दोरीने एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली टांगा. हूक आणि गाठ आधी स्वतः लोंबकळून तपासा. एका मुलाला भिंतीला डोकं टेकून उभं करायचं, बाटली त्याच्या हनुवटीला टेकेपर्यंत ओढायची आणि सोडायची. नुसती सोडायची, ढकलायची नाही. त्याचा चेहरा हलता कामा नये. बाटली परत येते तेव्हा सगळा वर्ग ओरडतो, आणि ती हनुवटीपासून बोटभर अलीकडेच थांबते. हे बोटभर अंतर विसरू नका. “पुरती परत का नाही आली?” हा पहिला प्रश्न आणि पहिली तूट. उत्तर आत्ता देऊ नका.

हा प्रयोग सगळे करतात. त्यानंतरचा करत नाहीत, तो जास्त मोलाचा आहे. फळ्याच्या वरच्या कडेवरून दोऱ्याला नट बांधून छोटा लंबक लटकवा. नट जिथून सोडणार त्या उंचीवर खडूने आडवी रेघ ओढा. एका मुलीला दोऱ्याच्या वाटेत, मधोमध, एक पेन्सिल फळ्याला काटकोनात धरायला सांगा. नट खाली येतो, दोरा पेन्सिलीला अडतो आणि पलीकडे लंबक एकदम आखूड होतो. आता नट कुठवर चढेल? निम्मी मुलं ‘रेघेच्या वर’ म्हणतात, निम्मी ‘खाली’. चढतो तो रेघेपर्यंतच. गॅलिलिओने हेच भिंतीत खिळा ठोकून दाखवलं होतं. वाट बदलली तरी उंची तीच, ही गोष्ट मुलांना फळ्यावरच्या सिद्धतेतून कधीच जाणवत नाही. पेन्सिल मात्र रेघेच्या वर धरा. ती रेघेच्या बरीच खाली गेली तर नट रेघेवर पोहोचण्याआधीच तिला गिरकी घेतो. ते ‘असं का?’ हुशार मुलांसाठी राखून ठेवा.

गोटी : सहा सेंटिमीटर कुठे गेले?

जोडतासिका इथे खर्च करा. यात घाई केली तर बाकी सगळं वाया.

इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर झाकायची एक इंची केसिंग पट्टी मिळते. वरचं झाकण काढलं की गोटीसाठी छान पन्हाळ तयार होते. तिचं एक टोक पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा आणि दुसरा भाग टेबलावर सपाट चिकटवून टेबलाच्या कडेपर्यंत आणा. शेवटचा वीतभर भाग अगदी आडवा हवा. जरा जरी वर-खाली झाला तरी आकडे बिघडतात. काचेची साधी गोटी टेबलाच्या पातळीपासून २० सेंमी उंचीवरून सोडा. ती पट्टीवरून धावत येऊन कडेवरून उडी घेते आणि खाली पडते. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर कार्बन पेपर ठेवला की पडल्याची खूण मिळते. कार्बन पेपर आता सहज मिळत नाही, त्याऐवजी रांगोळीचा पातळ थर चालतो.

आधी भाकीत करायला लावा. २० सेंमी म्हणजे सेकंदाला जवळपास २ मीटर. टेबल ७६ सेंमी उंच असेल तर पडायला ०.३९ सेकंद लागतात. म्हणजे गोटी कडेपासून ७८ सेंमीवर पडायला हवी. तिथे खडूने फुली मारा. मग गोटी सोडा.

ती फुलीच्या बरीच अलीकडे पडते. ६५-६६ सेंमीच्या आसपास. पुन्हा सोडली तरी तिथेच.

आता उलटा हिशेब. ६६ सेंमी भागिले ०.३९४ सेकंद, म्हणजे वेग सुमारे १.६७ मीटर. एवढ्या वेगाला १४ सेंमी उंची पुरते. दिले होते २०. सहा सेंटिमीटर गायब. सगळा वर्ग एका सुरात ‘घर्षण!’ म्हणतो. बहुतेक शिक्षकही इथे मान डोलावतात आणि पुढे जातात. तुम्ही ‘बरं’ म्हणा आणि पट्टी उचला.

तीच पट्टी, पण आता दोन्ही टोकं पुस्तकांच्या थप्प्यांवर आणि मधला भाग टेबलाला चिकटवलेला. मधे आपोआप झोल येतो. गोटी पुन्हा २० सेंमीवरून सोडा. ती खाली येते, पलीकडे चढते, आणि चढते किती? माझ्या पट्टीवर सतरा-अठरापर्यंत. पट्टी जुनी, कचरा साचलेली असेल तर सोळा. तुमची कशीही असली तरी १४ च्या वर जाईल.

इथे थांबा आणि मुलांना बोलू द्या. खाली उतरतानाच घर्षणाने सहा सेंटिमीटर खाल्ले असते तर तळाशी १४ च उरले असते, आणि मग गोटी १४ च्या वर जाऊच शकली नसती. म्हणजे तळाशी १४ पेक्षा जास्त ऊर्जा होती. पण वेगात तर १४ च दिसली. उरलेली कुठे लपली होती?

“गोटी फिरत होती ना!” हे वाक्य मुलांकडून येईपर्यंत धीर धरा. गोटी पुढे जाते तशी स्वतःभोवतीही फिरते आणि त्या फिरण्यातही गतिज ऊर्जा असते. भरीव गोल वस्तू न घसरता गडगडत असेल, तर तिच्या गतिज ऊर्जेचे सात भाग केले की पाच भाग पुढे जाण्यात आणि दोन फिरण्यात असतात. वीसचे दोन सप्तमांश म्हणजे ५.७ सेंटिमीटर, आपले हरवलेले सहा. टेबलाच्या कडेवरून उडी घेताना गोटी ते तसेच फिरत घेऊन जाते, म्हणून ती जवळ पडते. पलीकडच्या चढावर मात्र फिरणं हळूहळू थांबतं आणि ते सेंटिमीटर परत मिळतात. घर्षणाची खरी तूट म्हणजे वीस आणि सतरा-अठरा यांतला फरक. बाकी सगळं त्याच्या नावावर खपवलं जात होतं.

दोन सप्तमांश कुठून आले हे नववीत सिद्ध करायची गरज नाही. विचारणाऱ्याला “अकरावी-बारावीत जडत्व आघूर्ण शिकशील” म्हणा. पण स्वतःभोवती फिरणं खरोखर ऊर्जा खातं हे लगेच दाखवता येतं. खोबरेल तेलाच्या दोन सारख्या गोल बाटल्या आणा. एक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून तेल घट्ट गोठवा, दुसरीतलं पातळच असू दे. दोन्ही एका फळीवरून एकदम सोडा. पातळ तेलाची बाटली पुढे जाते, कारण आतलं तेल फारसं फिरत नाही, नुसतं पुढे सरकतं. गोठलेलं तेल बाटलीबरोबर सगळंच फिरतं. वजन तेच, उंची तीच, वाटणी वेगळी. जानेवारीत तर सकाळच्या शाळेत फ्रिजचीही गरज नसते.

शाडूची माती : वेग की वेगाचा वर्ग?

गणपतीनंतर कुणाच्या ना कुणाच्या घरी शाडू उरलेला असतोच. तो मऊ मळून ताटात सपाट थापा. आता काचेची गोटी आणि त्याच आकाराची पोलादी गोळी हवी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेजची कमी नाही. ट्रकच्या मोडक्या बेअरिंगमधल्या गोळ्या फुकट मिळतात, ग्रीस तेवढं रॉकेल नाहीतर पेट्रोलने आधीच पुसून घ्या, मुलांना ते काम देऊ नका. पोलाद काचेपेक्षा तिपटीने जड. पोलादी गोळी ३० सेंमीवरून टाका आणि काचेची ९० सेंमीवरून. शाडूत खड्डे जवळजवळ सारखेच पडतात.

मुलांना वेग काढायला लावा. पोलादी गोळीचा सुमारे २.४, गोटीचा ४.२. वस्तुमान आणि वेग नुसते गुणले तर पोलादाचं पारडं जवळपास दुप्पट जड होतं, मग खड्डे सारखे कसे? वेगाचा वर्ग घेतला की दोन्ही आकडे जुळतात. अर्ध्या एमव्ही वर्गातला तो वर्ग कुणाच्या मनात आला म्हणून नाही, तो मातीने सांगितलेला आहे.

याला इतिहासही आहे आणि तो सांगण्यासारखा आहे. १७२० च्या दशकात हॉलंडमधल्या लायडेन विद्यापीठात ग्राव्हसांडे यांनी सारख्या आकाराचे पण वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे मऊ मातीवर टाकून हेच पाहिलं. गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर तेव्हा युरोपात मोठं भांडण चालू होतं. वर्गाची बाजू लायब्निझ यांनी लावून धरली होती. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने या प्रयोगाचा दाखला देत वर्गाचीच बाजू घेतली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतरही त्यांचंच. माझ्या वर्गातल्या मुली हे नाव वहीत लिहून घेतात, पाठ्यपुस्तकात नसलं तरी.

छर्रे : शेवटी सगळं जातं कुठे

शाडूत रुतलेल्या गोळीची ऊर्जा कुठे गेली? ‘खड्डा पाडण्यात’ हे उत्तर अर्धंच. उरलेलं अर्धं थर्मामीटरने द्यायचं.

सायकलच्या दुकानातून अर्धा किलो छर्रे घ्या. एक मीटर लांबीचा जाड पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना घट्ट टोपणं. छर्ऱ्यांचं तापमान डिजिटल थर्मामीटरने मोजा, ते पाइपात भरा, आणि पाइप उभा धरून शंभर वेळा उलटासुलटा करा. दर वेळी सगळे छर्रे खळ्ळकन खाली आले पाहिजेत. हात मधोमध धरायचे, टोकांना लावायचे नाहीत, नाहीतर हाताचीच ऊब मोजली जाते. दहा-दहा वेळा पाळी लावून द्या, मुलं दमतात.

हिशेब एका किलोचा मांडू, अर्ध्या किलोला दोन्ही आकडे निम्मे होतात आणि उत्तर तेच येतं. एक किलो पोलाद एक मीटर पडलं की ९.८ ज्यूल, शंभर वेळा म्हणजे ९८० ज्यूल. पोलादाचं एक किलो एक अंशाने तापवायला साधारण ४७० ज्यूल लागतात. म्हणजे जास्तीत जास्त दोन अंशांची वाढ. प्रत्यक्षात एक-सव्वा मिळते, कारण पाइपही तापतो, आणि छर्ऱ्यांच्या थराची जाडी गेल्याने ते पुरते एक मीटर पडतही नाहीत. एक अंश म्हणजे फार नाही, पण साठ मुलांच्या डोळ्यांदेखत आकडा वर सरकतो तेव्हा ‘उष्णतेत रूपांतर होते’ हे वाक्य पुस्तकातून बाहेर येतं. ज्यूल हे एकक इथे, आत्ता आणा. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात पडणाऱ्या वजनाने पाण्यातली पाती फिरवून हाच हिशेब चिकाटीने केला होता.

घरचा अभ्यास: चेंडू उंचावरून सोडून उसळी किती ते भिंतीवरच्या टेपने मोजा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहा. टेनिसच्या अधिकृत चेंडूला तर नियमच आहे, २५४ सेंमीवरून टाकला की काँक्रीटवरून १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. म्हणजे जवळपास निम्मी ऊर्जा एका टप्प्यात गेली, आणि तो उत्तम चेंडू.

पाइप

आमच्या मुलांना खिडकीबाहेर पाहिलं की पुढचा प्रयोग दिसतो. वळवण, लोणावळा, शिरोटा या तलावांचं पाणी घाटावरून पाइपांनी खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रात उतरतं. हे केंद्र १९१५ पासून चालू आहे. उतार साधारण ५०० मीटर. खाली पोहोचलेलं पाणी झोताने बाहेर सोडलं तर त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १०० मीटर, ताशी साडेतीनशे किलोमीटर. हा आकडा मुलं स्वतः काढतात आणि मग तपासायला पुन्हा काढतात.

झोत पेल्टन चक्राच्या, म्हणजे कडेला वाट्या लावलेल्या पाणचक्राच्या, वाट्यांवर आदळतो. त्या वाट्या झोताच्या साधारण निम्म्या वेगाने फिरत ठेवतात. का? कारण तसं केलं की पाणी वाटीत वळून बाहेर पडताना जवळपास थांबलेलंच असतं. त्याच्याकडची गतिज ऊर्जा चक्राला देऊन झालेली असते. तेच पाणी मग पाताळगंगेला मिळतं. पाणी चक्रातून न जाता धबधबा होऊन पडलं असतं तर सगळी ऊर्जा त्यालाच तापवण्यात गेली असती: एका किलोमागे ४९०० ज्यूल, म्हणजे सव्वा अंशाच्या आत-बाहेर. म्हणजे वीज काढून घेतलेलं पाणी धबधब्याच्या पाण्यापेक्षा किंचित थंड! हे ऐकून वर्गात जी कुजबुज होते ती होऊ द्या.

तुमच्या गावात वीजकेंद्र नसेल तर घाट घ्या, कालव्याचा उतार घ्या. भोर घाटातून एक्सप्रेस किंवा मालगाडी उतरते, उतार ३७ ला १. उंची कमी होतेय, वेग मात्र वाढत नाही. स्थितिज ऊर्जा गेली कुठे? ब्रेक तापतात, आणि नव्या विजेच्या इंजिनांत तिचा काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो. मुंबईच्या लोकललाही ही सोय आहे.

याच ठिकाणी तो हमखास प्रश्न येतो: ऊर्जा नष्टच होत नाही तर ‘वीज वाचवा’ कशाला? झटकून टाकू नका. छर्ऱ्यांकडे बोट दाखवा. एक-सव्वा अंशाने तापलेले छर्रे स्वतःहून उड्या मारून पुन्हा पाइपाच्या वरच्या टोकाला जातील का? हिशेबात ऊर्जा पूर्ण आहे, पण ती इतकी पसरली की तिच्याकडून काम करून घेता येत नाही. मग विजेचं बिल काढा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. पन्नास किलोची मुलगी एक मजला, तीन मीटर, चढली की १४७० ज्यूल. एका युनिटात ती सुमारे २४५० मजले चढेल. खोपोलीच्या पाइपांत त्या एका युनिटसाठी किमान ७३५ लिटर पाणी घाट उतरतं. घरचं बिल प्रत्येकजण लिटरमध्ये काढून आणतो.

परीक्षेत नुसता नियम लिहा असं विचारू नका. मी हा प्रश्न घालते: ‘सायकलवरून पेडल न मारता उतार उतरलेली मुलगी समोरचा तसाच चढ अर्धाच चढली. ऊर्जेचा हिशेब मांडा.’ हवेचा रोध, साखळी, टायर, ब्रेकला लागलेला हात, यांपैकी काहीही चालेल. फिरणाऱ्या चाकांतली ऊर्जा चढावर परत मिळते असं कुणी लिहिलं तर एक गुण जादा. ‘ऊर्जा संपली’ असं लिहिणाऱ्याला मात्र पेपर परत देऊन विचारते, कोणत्या खात्यात लिहायची?